फेणी आणि माझी फी

फेणीचे नाव काढले की वर्गात हशा पिकतो. मी गप्प राहतो. कारण माझी फी आईने गोव्यातल्या काजूबागेत बोंडू वेचून भरली आहे.

काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. उन्हाळ्यात झाडाखाली पिकून गळालेलेच बोंडू फेणीसाठी वेचतात. बी काढून घेऊन ते जुन्या पद्धतीत पायांनी तुडवतात व रस काही दिवस आंबवतात. भट्टीतून पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक : सौम्य, फळाच्या वासाचा, हंगामापुरता. तोच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की फेणी : उग्र, सुमारे ४२ टक्के मद्यार्काची. माडीपासून होणारी नारळाची फेणी निराळी.

२००९ साली काजू-फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तर २०१६ साली गोवा सरकारने फेणीला वारशाचा दर्जा दिला. आता ती देखण्या बाटल्यांतून मोठ्या हॉटेलांत पोहोचली आहे.

मी थेंबही घेत नाही. दारूने मोडलेली घरे आमच्या वाडीतही आहेत. पण मित्रहो, फेणीला हसताना, दिवसभर वाकून बोंडू वेचणाऱ्या बायकाही आठवा. त्यांच्यातली एक माझी आई आहे.