लग्नाच्या फोटोंचा एकरी खर्च



ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "साहेब, पोरगं लग्नाचे फोटो काढायचा धंदा करतो म्हणतंय. उसाच्या बिलातून कॅमेऱ्याला दीड लाख घालावेत का?" मी शेती पदविकेचा माणूस, फोटोतले मला कळत नाही. पण या धंद्यात मुले फसतात ती फोटोत नव्हे, हिशेबात.

बेणे, मशागत, खत, पाणी धरून आपण एकरी खर्च काढतो. तसा येथे लग्नामागे खर्च काढावा. समजा, दीड लाखाचे सामान चार वर्षे चालले आणि वर्षाला ३० लग्ने मिळाली, तर १२० लग्नांत घसारा प्रत्येकी १,२५० रुपये. जोडीदाराचे ३,०००, अल्बमचे ५,०००, पेट्रोलचे ७५०. झाले १०,०००. पोरगा घरी सांगतो, "आबा, पंधरा हजारांची ऑर्डर मिळाली!" त्यातले उरले पाच. हळदीचा एक दिवस, लग्नाचा एक आणि फोटो निवडून अल्बम जुळवण्याचे चार, असे सहा दिवस गेले. दिवसाला पडले ८३३. कर्जाचे व्याज अजून धरलेलेच नाही. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापले घालून पाहावेत.

शिवाय ३० लग्ने मिळणे सोपे नाही. तुळशीचे लग्न लागल्यावर हंगाम सुरू होतो, चातुर्मासात बंद. दाट तिथीला चार घरची बोलावणी येतात, घेता एकच येते. म्हणून तारीख धरताना इसार घेतलाच पाहिजे. लग्न पुढे गेले तर तो दिवस पडीक जातो.

खरी अडचण भावकीची. उसाचे बिल १४ दिवसांत द्यावे असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिले आहे. अल्बमचे पैसे कधी द्यावेत हे कोणी लिहून ठेवलेले नाही, ते आपणच लिहून घ्यायचे. किती फोटो, अल्बमची पाने किती, किती दिवसांत मिळणार. पैसे इसाराचे किती, लग्नादिवशी किती, अल्बम हाती देताना किती. चुलत्याचे लग्न असले तरी चिठ्ठी करावी, हवी तर सूट त्यातच दाखवावी.

त्याच चिठ्ठीत आणखी एक ओळ घालावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढवून घेणारा असतो. तेव्हा नवरीचा फोटो दुकानात किंवा मोबाईलवर जाहिरातीला लावायचा तर आधी लेखी परवानगी हवी. एका गावात यावरून मोठी भांडणे झालेली मी पाहिली आहेत. आणि फोटो दोन कार्डांवर साठवावेत. अक्षता एकदाच पडतात, आणि फोटो गेले तर गिऱ्हाईक ग्राहक आयोगात जाऊ शकते.

भांडवलासाठी मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे कर्ज 'शिशु' गटात, त्यावर ५ लाखांपर्यंत 'किशोर' गटात बसते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नयेत.

तरीही पहिली लग्नसराई जुन्या फोटोग्राफरच्या हाताखाली काढावी, कॅमेरा लागेल तेव्हा भाड्याने आणावा. दहा लग्नांची जमाखर्चाची वही झाली की मुलाला घेऊन गट कार्यालयात या, बसून बघू.