‘माझा फोटो कुणाच्या तरी फ्रीजवर होता’

भोकर स्टेशनवर आम्ही दोघी नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मोबाइलवर एक रील आलं. एका लहान मुलाचा फोटो, खाली क्यूआर कोड आणि ‘रोजच्या एका चहाच्या पैशात एका अनाथ मुलाचं शिक्षण’. मी म्हटलं, ‘भारीये की! करायचं का आपण?’

मैत्रीण हसली. म्हणाली, ‘अगं, मीपण असाच एक फोटो होते.’

चार वर्षांची मैत्री, पण हे मला माहीत नव्हतं. ती लहान असतानाच वडील वारले. आई दरवर्षी ऊसतोडीला जायची. पाचवीपासून ती एका मिशनच्या वसतिगृहात राहिली. फी, वह्या, गणवेश, जेवण सगळा खर्च परदेशातलं एक जोडपं उचलायचं. वर्षातून दोनदा त्यांना पत्र लिहायचं, नाताळला तिकडून कार्ड यायचं. एका कार्डात लिहिलं होतं, ‘तुझा फोटो आम्ही फ्रीजवर लावलाय.’ ती म्हणाली, ‘आमच्या घरी तर फ्रीजच नव्हता.’

‘प्रार्थनेला बसावं लागायचं का?’ मी विचारलं.

‘जबरदस्ती नव्हती. पण सगळे बसल्यावर मी एकटी कशी उठणार? आणि खरं सांगू, मला इंग्रजी तिथंच आलं.’

हा गुंता आजचा नाही. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. 1883 मध्येच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. अट अशी, की शाळेत कुठल्याच धर्माची शिकवण द्यायची नाही. त्या पैशांवर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. 1893 मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून वाद पेटला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या त्या रमाबाईच. केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये या मुली विणकाम, छपाई शिकल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी छापलं. पैसा कुणाचा, धर्म कुणाचा हा वाद चालूच राहिला, पण मुली जगल्या आणि शिकल्या.

एका मुलाला एक दाता ही पद्धत पुढं जगभर पसरली. ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ ही अमेरिकन ख्रिस्ती संस्था 1952 मध्ये कोरियन युद्धातल्या अनाथ मुलांसाठी सुरू झाली. भारतात तिच्यामार्फत सुमारे 1 लाख 45 हजार मुलांना मदत मिळत होती. 2016 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं तिच्या पैशाला पूर्वपरवानगीची अट घातली. या पैशातून धर्मांतर होतं असा आक्षेप होता, संस्थेनं तो नाकारला. मार्च 2017 मध्ये भारतातलं काम बंद झालं.

2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा आणखी कडक झाला. आता असा पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि कार्यालयीन खर्चावर 20 टक्क्यांची मर्यादा आहे. पैसा कुठून येतो नि कुठं जातो, हे सरकारनं विचारायलाच हवं. पण पैसा थांबतो तेव्हा मधल्या मधे अडकलेल्या पोराचं काय, हे कोण विचारणार?

माझ्या मैत्रिणीची संस्था वेगळी होती, पण नववीत असताना तिचेही पैसे थांबले. का, ते कुणी सांगितलं नाही. पत्रं बंद, वसतिगृह बंद. दोन वर्षं ती सुट्टीत सोयाबीन काढायला गेली आणि दहावी झाली. राज्य सरकारची बालसंगोपन योजना असते, हे तेव्हा तिच्या आईला माहीतच नव्हतं.

म्हणून हे नीट वाचा. एक किंवा दोन्ही पालक नसलेल्या, घरीच नातेवाइकांकडं राहणाऱ्या 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि 2023 पासून महिन्याला 2,250 रुपये मिळतात. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. मूल अडचणीत असेल तर 1098 वर फोन करा. आणि रील बघून पैसे पाठवणार असाल, तर आधी संस्थेची नोंदणी आणि हिशेब बघा. मुलाचा चेहरा, नाव, गाव उघड दाखवणाऱ्यांपासून तर दोन हात लांबच राहा.

मैत्रीण आता नांदेडला नर्सिंग करते. त्या जोडप्याचा राग येतो का, विचारलं तर म्हणाली, ‘छे गं! त्यांना बिचाऱ्यांना वाटलं असंल, मीच लिहायचं बंद केलं. पत्ता असता तर एकदा लिहिलं असतं, दहावी झाले म्हणून.’

तेवढ्यात गाडी आली. आम्ही उठलो. ते रील मी सेव्ह केलं नाही.