विनिपेग : दहा प्रतिनिधींचा एक मतदारसंघ

एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जावा, ही कल्पना आता इतकी रूढ झाली आहे की, याहून निराळी काही व्यवस्था असू शकेल, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक भारतातही पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत, म्हणजे १९५१-५२ आणि १९५७ मध्ये, काही मतदारसंघ द्विसदस्य होते. १९६१ च्या कायद्याने ते रद्द करण्यात आले. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील विनिपेग शहराने मात्र याच्या कितीतरी पुढचा प्रयोग केला. १९२० ते १९४९ या काळात हे संपूर्ण शहर प्रांतिक विधानसभेसाठी एकच मतदारसंघ होते आणि त्यातून एकाच वेळी दहा सदस्य निवडले जात.

या व्यवस्थेचे मूळ शहराच्या वाढीत आहे. रेल्वे आणि गव्हाचा व्यापार यांच्या बळावर विनिपेग झपाट्याने वाढले. १९०१ मध्ये सुमारे ४२ हजार असलेली तेथील लोकसंख्या १९११ मध्ये १ लाख ३६ हजारांवर गेली. रेल्वेच्या विस्तीर्ण यार्डाने शहराचे जणू दोन भाग पाडले होते. उत्तरेस युक्रेनियन, ज्यू, पोलिश, जर्मन अशा स्थलांतरित श्रमिकांची दाट वस्ती होती. दक्षिणेकडे संपन्न कुटुंबांची प्रशस्त घरे होती. १९१४ मध्ये शहराचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन मतदारसंघ करण्यात आले व प्रत्येकास दोन जागा मिळाल्या. परंतु या दोन जागांची निवडणूक स्वतंत्रपणे होई. प्रत्येक जागेवर सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होई आणि इतरांना पडलेली मते वाया जात.

पहिल्या महायुद्धानंतर महागाई आणि बेकारी वाढली. वेतनवाढ व सामुदायिक वाटाघाटींचा हक्क या मागण्यांसाठी १५ मे १९१९ रोजी विनिपेगमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे ३० हजार कामगारांनी काम थांबविले. जूनच्या मध्यास प्रमुख नेत्यांना अटक झाली. २१ जून रोजी घोडेस्वार पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात दोघांचा अंत झाला. आणि २६ जून रोजी संप मागे घेण्यात आला. शहर दोन तटांत विभागले गेले होते. एका तटाच्या दृष्टीने संपाचे नेते राजद्रोही होते, तर दुसऱ्याच्या दृष्टीने ते न्यायासाठी झगडणारे होते. अशा शहराचे मत एकाच पक्षाच्या मुखातून वदविले गेले असते, तर ते कोणत्याही बाजूने खरे ठरले नसते.

याच पार्श्वभूमीवर नॉरिस यांच्या उदारमतवादी मंत्रिमंडळाने विनिपेगसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धती स्वीकारली. शहराचे विभाग मोडून एक मतदारसंघ करण्यात आला आणि त्यास दहा जागा देण्यात आल्या. मतदाराला मत मात्र एकच होते. आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढे त्याने १ हा आकडा लिहावयाचा, त्यानंतरच्या उमेदवारापुढे २, आणि याप्रमाणे पुढे जावयाचे. एकल संक्रमणीय मताची हीच पद्धती भारतात राज्यसभेच्या निवडणुकीसाठी स्वीकारलेली आहे. फरक इतकाच की, तेथे मतदान आमदार करतात आणि विनिपेगमध्ये ते सामान्य नागरिक करीत.

विजयासाठी आवश्यक असलेली मतसंख्या, म्हणजे कोटा, पुढीलप्रमाणे काढीत. एकूण वैध मतांना जागांच्या संख्येहून एकाने अधिक असलेल्या संख्येने भागावयाचे आणि येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवावयाचा. जागा दहा असल्याने सुमारे अकराव्या हिश्शाइतकी मते मिळविणारा उमेदवार निवडून येई. त्याची कोट्याहून अधिक असलेली मते दुसऱ्या पसंतीनुसार इतरांकडे जात. कोणाचाच कोटा पूर्ण होत नसेल, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवारास देत. अशा रीतीने बहुतेक मते अखेर कोणाच्या ना कोणाच्या विजयास उपयोगी पडत.

या पद्धतीची पहिली कसोटी २९ जून १९२० रोजी लागली. दहा जागांसाठी ४१ उमेदवार उभे होते. कामगारांच्या संयुक्त यादीत फ्रेड डिक्सन अग्रभागी होते. संपकाळातील लिखाणाबद्दल त्यांच्यावर खटला भरण्यात आला होता. न्यायालयात त्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि ते निर्दोष सुटले. त्यांना प्रथम पसंतीची ११ हजारांहून अधिक मते पडली. हा आकडा कोट्याच्या दुपटीहूनही मोठा होता. त्यांच्या अतिरिक्त मतांचा लाभ यादीतील सहकाऱ्यांना झाला. विल्यम आयव्हेन्स, जॉन क्वीन आणि जॉर्ज आर्मस्ट्राँग हे तिघे त्या वेळी संपाबद्दल झालेली शिक्षा तुरुंगात भोगीत होते, तरी तिघेही निवडून आले. एकूण दहा जागांपैकी चार कामगार गटांना, चार उदारमतवाद्यांना आणि दोन हुजूर पक्षाला मिळाल्या. मॅनिटोबात स्त्रियांना १९१६ मध्ये मताधिकार मिळाला होता. याच निवडणुकीत विनिपेगमधून निवडून आलेल्या श्रीमती ईडिथ रॉजर्स या त्या विधानसभेच्या पहिल्या स्त्री सदस्य ठरल्या. वर्षभरापूर्वी रस्त्यावर परस्परांसमोर उभे ठाकलेले दोन्ही तट आता एकाच सभागृहात बसणार होते.

पुढील काळातही या मतदारसंघाने निरनिराळ्या मतप्रवाहांना वाट करून दिली. १९३६ मध्ये पदावरून दूर करण्यात आलेले न्यायाधीश लुईस स्टब्ज अपक्ष म्हणून सर्वाधिक मतांनी विजयी झाले, आणि त्याच वर्षी साम्यवादी पक्षाचे जेम्स लिटरिक हेही निवडून आले. एकसदस्य मतदारसंघात शहरभर विखुरलेल्या अशा मतांना यश मिळणे कठीण गेले असते.

तथापि या चित्रास दुसरी बाजू आहे. १९२१ च्या जनगणनेनुसार प्रांताची लोकसंख्या सुमारे ६ लाख १० हजार होती आणि त्यांपैकी १ लाख ७९ हजार लोक विनिपेगमध्ये राहत होते. म्हणजे सुमारे २९ टक्के लोकांच्या वाट्यास ५५ पैकी केवळ १० जागा, अर्थात १८ टक्के, आल्या होत्या. शिवाय प्रमाणशीर पद्धती शहरापुरतीच होती. ग्रामीण भाग एकसदस्यच राहिला. त्यामुळे शहरात कोणताही पक्ष सर्व जागा जिंकू शकत नसे, पण ग्रामीण भागात संघटित असलेला पक्ष थोड्या मताधिक्यावर बहुसंख्य जागा मिळवी. १९२२ मध्ये सत्तेवर आलेल्या शेतकरी पक्षाचे नेते जॉन ब्रॅकन १९४३ पर्यंत पंतप्रधानपदी राहिले, ते मुख्यतः ग्रामीण जागांच्या आधारावर.

उमेदवारांची लांबलचक यादी आणि दीर्घकाळ चालणारी मतमोजणी यांबद्दलही तक्रारी होत्या. १९४९ मध्ये शहराचे पुन्हा तीन भाग करून प्रत्येकास चार जागा देण्यात आल्या. पसंतीक्रमाची पद्धती कायम राहिली. पण जागा चार झाल्याने कोटा अकराव्या हिश्शावरून पाचव्या हिश्शावर गेला आणि लहान गटांची वाट अरुंद झाली. ५७ जणांच्या सभागृहात शहराचे सदस्य बाराच होते. १९५८ च्या निवडणुकीपासून हेही मतदारसंघ मोडून सर्वत्र एकसदस्य मतदारसंघ आले. जागावाटपाचे काम स्वतंत्र मंडळाकडे सोपविण्यात आले, तरीही सात शहरी मतदार म्हणजे चार ग्रामीण मतदार हे प्रमाण त्या कायद्यातच नमूद होते.

विनिपेगच्या इतिहासातून एक भेद स्पष्ट होतो. मते मोजण्याची पद्धती न्याय्य असणे ही एक गोष्ट आहे आणि जागांचे वाटप न्याय्य असणे ही दुसरी. पहिलीमुळे तुरुंगातील माणसाचाही आवाज सभागृहात पोहोचला. दुसरीच्या अभावी तो आवाज राज्यकारभार बदलण्याइतका प्रबळ होऊ शकला नाही. प्रतिनिधित्वाचा विचार करताना मतपत्रिका आणि नकाशा ही दोन्ही एकत्र वाचावी लागतात.