लीगल स्टडीज : बारावीच्या परीक्षेची तयारी

सीबीएसईच्या अकरावी-बारावीत ‘लीगल स्टडीज’ हा ऐच्छिक विषय घेता येतो. त्याचा विषय क्रमांक ०७४. बारावीला ८० गुणांची लेखी परीक्षा, २० गुणांचा प्रकल्प आणि पेपरला तीन तास अशी रचना आहे. मानव्यशाखेच्या मुलांबरोबर आता वाणिज्य शाखेची मुलेही हा विषय घेतात. ‘पाठांतर केले की गुण मिळतात’ हा समज मात्र अजून टिकून आहे आणि त्याचा फटका चांगल्या अभ्यासू मुलांना बसतो.

अलीकडे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत निम्म्याच्या आसपास प्रश्न क्षमता तपासणारे असतात. त्यांत घटना दिलेली असते आणि त्या घटनेला कोणता नियम लागतो, हे विचारलेले असते. नियम तोंडपाठ आहे, पण तो घटनेला लावता येत नाही, अशा विद्यार्थ्याचे गुण इथेच जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम आणि घटना यांची सांगड घालत अभ्यास करावा.

अभ्यासक्रमात काय काय आहे

बारावीच्या अभ्यासक्रमात न्यायव्यवस्था, कायद्याच्या शाखा, न्यायालयाबाहेर वाद मिटवण्याचे मार्ग, भारतातील मानवी हक्क, वकिली व्यवसाय, मोफत विधी सेवा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि न्यायवचने येतात. कायद्याच्या शाखांमध्ये मालमत्ता, करार, अपकृत्य म्हणजे टॉर्ट, फौजदारी कायदा आणि प्रशासकीय कायदा यांचा समावेश होतो.

सगळ्यात जास्त वेळ कायद्याच्या शाखांना द्यावा, कारण घटना देऊन विचारलेले प्रश्न प्रामुख्याने इथूनच येतात. न्यायव्यवस्थेच्या प्रकरणात राज्यघटनेची कलमे नेमकी हवीत. अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जाता येते ते फक्त मूलभूत हक्कांसाठी. उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२६ खालचा अधिकार त्याहून व्यापक आहे, इतर कायदेशीर हक्कांसाठीही तो वापरता येतो. या दोन कलमांची गल्लत दरवर्षी होते.

वाद मिटवण्याच्या मार्गांत ‘निर्णय कोण घेते?’ हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. लवादात लवाद निर्णय देतो आणि तो पक्षांवर बंधनकारक असतो. मध्यस्थीत तोडगा पक्षच काढतात, मध्यस्थ फक्त मदत करतो. लोकअदालतीत तडजोड झाली की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि तिच्यावर अपील करता येत नाही. एवढा फरक पक्का असेल, तर लवाद व समेट कायदा, १९९६ आणि मध्यस्थी कायदा, २०२३ यांच्यातले तपशील आपोआप जागच्या जागी बसतात.

उत्तराच्या चार पायऱ्या

घटनेवरच्या उत्तराला चार पायऱ्या असतात. आधी वादाचा मुद्दा एका वाक्यात मांडावा. मग त्याला लागणारा नियम, शक्य असेल तर कायद्याचे नाव आणि कलमासह लिहावा. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची : प्रश्नातल्या घटना एकेक उचलून नियमाशी जोडाव्यात. शेवटी निष्कर्ष. बहुतेक मुले दुसरी पायरी पानभर लिहितात आणि तिसरी दोन ओळींत उरकतात. गुणांचा मोठा वाटा तिसऱ्या पायरीला असतो.

एक प्रश्न सोडवून पाहू

सतरा वर्षांच्या मुलाने दुकानदाराला आपले वय एकोणीस सांगितले आणि हप्त्यावर लॅपटॉप घेतला. दोन हप्ते भरून तो थांबला. दुकानदार कराराच्या आधारे उरलेले पैसे वसूल करू शकेल का?

मुद्दा : अज्ञान व्यक्तीने, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने, केलेला करार तिच्यावर बंधनकारक असतो का?

नियम : भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे करार करायला व्यक्ती सज्ञान हवी. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवले, की अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य असतो. कलकत्त्याच्या त्या प्रकरणात धर्मोदासने अज्ञान असताना वीस हजार रुपयांच्या कर्जासाठी मालमत्ता गहाण ठेवली होती.

सांगड : लॅपटॉप घेताना मुलगा सतरा वर्षांचा होता, म्हणून करार शून्य ठरतो. इथे हुशार विद्यार्थी एक फरक टिपतो. धर्मोदास अज्ञान आहे हे सावकाराच्या प्रतिनिधीला माहीत होते. आपल्या प्रश्नात दुकानदाराची फसवणूक झाली आहे. तरीही खोटे वय सांगितल्यामुळे शून्य करार वैध होत नाही. मात्र विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३३ नुसार, अज्ञानाला जेवढा लाभ झाला तेवढा परत करायला न्यायालय सांगू शकते.

निष्कर्ष : कराराच्या आधारे हप्ते वसूल होणार नाहीत. लॅपटॉप मुलाकडेच असेल, तर तो परत करण्याचा आदेश होऊ शकतो.

हे उत्तर वहीच्या एका पानात मावते. पाठ केलेल्या भागाहून घटनेवर विचार केलेला भाग त्यात जास्त आहे, हे लक्षात घ्या. असा एक प्रश्न रोज सोडवला, तर परीक्षेपर्यंत हात बसतो.

खटले कसे लक्षात ठेवावेत

खटल्यांची लांबलचक यादी करू नका. प्रत्येक मोठ्या मुद्द्याला एक खटला पुरे. मात्र तो पूर्ण माहीत हवा : काय घडले, न्यायालयाने काय ठरवले आणि काय ठरवले नाही.

ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा १९८५ चा निकाल घ्या. पदपथावर राहणाऱ्यांची उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. विद्यार्थी इथेच थांबतात. पण त्याच निकालात न्यायालयाने पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला आणि ती कारवाई पावसाळा उलटेपर्यंत लांबवली. हक्क मान्य झाला, तरी झोपड्या हटवायला कायमची मनाई झाली नाही. दुसरी बाजू लिहिणाऱ्याचे उत्तर परीक्षकाच्या नजरेत भरते.

मोफत विधी सेवेसाठी एम. एच. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८ हा निकाल वाचा. कैद्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. त्याला जोडूनच विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ पाहा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. ही माहिती गुणांसाठी लागते, पण ती प्रत्येक घरात असायला हवी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

अपकृत्य कायद्यात दोन खटले शेजारी ठेवावेत. १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात धोकादायक वस्तू जमिनीवर साठवणाऱ्यावर कडक जबाबदारी आली, पण तिला काही अपवाद होते. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून १९८५ साली ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात, एम. सी. मेहता खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी हे अपवाद काढून टाकले आणि जबाबदारी निरपवाद केली. आदल्याच वर्षी भोपाळची वायुदुर्घटना घडली होती. कायदा का बदलला हे कळले, की दोन्ही खटले विसरत नाहीत.

नवे फौजदारी कायदे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणि १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. जुनी गाइडे आणि मोठ्या भावंडांच्या वह्या वापरणाऱ्यांनी इथे फार जपावे. खुनाची शिक्षा जुन्या ३०२ ऐवजी आता १०३ व्या कलमात आहे, चोरी ३७८ ऐवजी ३०३ मध्ये. जुने निकाल वाचताना जुने कलम दिसणारच. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर जुन्या आणि नव्या कलमांच्या जोड्या लिहून ठेवा. उत्तरात कोणता कायदा सांगता आहात, त्याचे नाव स्पष्ट लिहा.

न्यायवचने

लॅटिन वचने घोकण्याऐवजी त्यांना घटना जोडा. ‘इंजुरिया साइन डॅम्नम’ साठी १७०३ चा अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइट : मतदाराला मत देऊ दिले नाही, त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, म्हणजे प्रत्यक्ष नुकसान झाले नाही. पण हक्क डावलला गेला, म्हणून भरपाई मिळाली. ‘डॅम्नम साइन इंजुरिया’ साठी १४१० चे ग्लॉस्टरचे प्रकरण : शेजारी नवी शाळा निघाली, जुन्या शाळेचे उत्पन्न घटले. नुकसान खरे होते, पण स्पर्धा करण्याने कुणाचा हक्क मोडत नाही, म्हणून दावा टिकला नाही. दोन्ही एकत्र वाचले, की गोंधळ उरत नाही.

प्रकल्प : कोर्टात जाऊन बसा

प्रकल्पाचे २० गुण सहज हाती लागणारे आहेत, पण इंटरनेटवरून उतरवलेला प्रकल्प तोंडी परीक्षेत उघडा पडतो. भारतात न्यायालयाचे कामकाज सर्वसाधारणपणे खुले असते. शिक्षकांची परवानगी घेऊन जिल्हा किंवा तालुका न्यायालयात एक सकाळ बसा. बोर्डावर लागलेली खटल्यांची यादी, पुकारा, साक्षीदाराची सरतपासणी आणि उलटतपासणी, ‘तारीख पडली’ म्हणजे नेमके काय झाले, हे सगळे टिपून घ्या. राष्ट्रीय लोकअदालत भरते त्या दिवशी गेलात, तर अपघात भरपाई, धनादेश न वटल्याची प्रकरणे, बँकांची थकबाकी यांत तडजोड कशी होते ते समोर दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांचे कामकाज सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होते. ते घरबसल्याही पाहता येते.

शेवटचे दोन महिने

बोर्डाच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तक, नमुना प्रश्नपत्रिका आणि गुणदान योजना विनामूल्य मिळतात. गुणदान योजना आधी वाचा. कोणत्या मुद्द्याला किती गुण आहेत, हे त्यात उघड लिहिलेले असते. पहिल्या महिन्यात प्रकरणे आणि खटले संपवा. दुसऱ्या महिन्यात घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहा आणि योजनेशी ताडून स्वतः तपासा.

मराठी घरांतल्या मुलांना आणखी एक उपाय सुचवावासा वाटतो. पेपर इंग्रजीत लिहायचा असला, तरी एखादा मुद्दा आईला किंवा आजोबांना मराठीत समजावून सांगा. सात-बारा, मृत्युपत्र, भाडेकरार यांचा अनुभव त्यांना असतो. ते असे प्रश्न विचारतील, जे पुस्तकात नाहीत. मराठीत सांगताना जिथे अडखळाल, तिथे तुमची समज कच्ची आहे, हे ओळखा.

परीक्षेच्या दिवशी

सुरुवातीला पेपर वाचायला पंधरा मिनिटे मिळतात. त्या वेळात घटनेवरचे प्रश्न शोधा आणि त्यांतला वादाचा मुद्दा मनाशी ठरवा. लहान प्रश्नांना लहानच उत्तरे लिहा. खटल्याचे वर्ष आठवत नसेल तर अंदाजाने लिहू नका. नाव आणि तत्त्व बरोबर असणे जास्त मोलाचे. घटनेला लागणारे एखादे कलम सुचले नाही, तरी नियम स्वतःच्या शब्दांत मांडा आणि पुढे जा. उत्तर अर्धवट सोडून देऊ नका.

शेवटची दहा मिनिटे फक्त निष्कर्ष तपासायला ठेवा. ‘एकीकडे असे, दुसरीकडे तसे’ म्हणून सोडलेले उत्तर अपुरे असते. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर न्यायाधीशाला निकाल द्यावाच लागतो. तुमच्या उत्तरानेही तो द्यायला हवा, कारणांसकट.