पस्तीस टक्क्यांची मर्यादा : ‘लिंक्स’ ब्राउझरमधील मजकुराची मांडणी

आजच्या संकेतस्थळांचे रूप बहुतांशी ती तयार करणाऱ्यांनीच ठरवलेले असते आणि अक्षरांचा आकार, रंग, ओळींची रुंदी यांविषयी वाचकाला क्वचितच विचारले जाते. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये सुरू झालेला आणि आजही वापरात असलेला ‘लिंक्स’ हा केवळ मजकूर दाखवणारा ब्राउझर मात्र हे निर्णय मोठ्या प्रमाणात वाचकाच्या हाती देतो. त्याच्या कामाकडे बारकाईने पाहावेसे वाटते ते त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमधील एका लहानशा नोंदीमुळे : ओळी दोन्ही कडांना भिडवताना किती रिकामी जागा चालेल, यावर तिथे ३५ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे.

लिंक्स चालतो तो टर्मिनलमध्ये, म्हणजे समान रुंदीच्या घरांच्या जाळीवर, जिथे रोमन लिपीचे प्रत्येक अक्षर एक घर व्यापते. १९७८ च्या ‘व्हीटी१००’ या टर्मिनलच्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरे होती. ८० हा आकडा त्याहून जुना, आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रित कार्डांवरचा आहे, आणि पान साध्या मजकुराच्या रूपात उतरवून घेताना लिंक्स अजूनही मुळात ८० घरांचीच ओळ धरतो. पान आले की त्यातील रंगरूपाच्या सूचना आणि जावास्क्रिप्ट बाजूला सारून तो रचनेच्या खुणा तेवढ्या वाचतो, पहिल्या पातळीचे शीर्षक मध्यभागी आणतो, साधा मजकूर डावीकडे तीन घरे आत सरकवतो आणि चित्राच्या जागी त्याचे शब्दांतले वर्णन ठेवतो.

ही मूळ मांडणी वाचकाला बदलता येते. पान उतरवून घेताना ओळीची रुंदी आज्ञेतच सांगता येते, नव्या आवृत्त्यांत डावा-उजवा समास काढून टाकता येतो, आणि रंगांसाठी असलेल्या वेगळ्या फाइलमध्ये शीर्षक, ठळक मजकूर, दुवा अशा प्रत्येक घटकापुढे अपूर्णविरामांनी तोडून अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमी लिहिता येते. मुख्य फाइलमध्ये सेटिंगच्या आधी ते काय करते आणि कोणाच्या उपयोगाचे आहे हे सविस्तर लिहिलेले असते; वाचक समजून घेऊन निर्णय करील, हा विश्वास त्या लिहिण्यात दिसतो.

३५ टक्क्यांची नोंद याच फाइलमध्ये आहे. ओळ दोन्ही कडांना भिडवायची तर उरलेली रिकामी घरे शब्दांच्या मधे वाटावी लागतात. छापखान्यात खिळेजुळारी हेच काम हाताने करीत असे आणि शब्दांमधली फट कुठे डोळ्याला खुपेल हे त्याला अनुभवाने कळत असे. लिंक्सने तो अंदाज आकड्यात बांधला आहे. ओळीला ६० घरे उपलब्ध असतील, तर त्यांचे ३५ टक्के म्हणजे २१ घरे होतात. शब्दांनी ५० घरे भरली तर उरलेली १० वाटली जातात. पण एखादा लांबलचक शब्द पुढच्या ओळीत गेल्यामुळे २५ घरे रिकामी राहिली, तर ती ओळ ताणली न जाता उजवीकडे मोकळीच राहते. यादीच्या आतल्या यादीत ओळ आखूड होऊन ४० घरांवर आली की हीच मर्यादा १४ घरांवर येते, आणि ३५ हा आकडाही वाचकाला बदलता येतो.

ही जुळवणी मुळात बंद ठेवलेली आहे, आणि तेच योग्य आहे. अनेक ब्रेल पट्ट्यांवर एका वेळी ४० घरेच मावतात, आणि तिथे शोभेसाठी वाढवलेले प्रत्येक रिकामे घर बोटांना विनाकारण ओलांडावे लागते. त्याच फाइलमध्ये, कर्सर निवडलेल्या दुव्यावर दिसत ठेवण्याच्या सेटिंगपाशी, ते अंध वापरकर्त्यांना उपयोगी पडू शकते असे स्पष्ट नोंदवले आहे. दुव्यांना क्रमांक देण्याची सोयही तिथेच सुचवलेली आहे. संपूर्ण फाइलमध्ये पुन्हा पुन्हा वाचावी अशी ही जागा आहे, कारण वाचक अनेक प्रकारचे असतात याची जाणीव तिथे थेट सेटिंगच्या रूपात उतरलेली आहे.

देवनागरीपुढे मात्र हा काटेकोर हिशेब अडखळतो. ‘क्षितिज’ या शब्दात मराठी वाचकाला क्षि, ति, ज अशी तीन अक्षरे दिसतात, युनिकोडमध्ये त्याची सात चिन्हे होतात, आणि टर्मिनलमध्ये रुंदी मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत हलन्ताला शून्य व वेलांटीला एक घर धरल्यामुळे त्याची सहा घरे भरतात. पडद्यावर जोडाक्षर किती जागा घेईल हे टर्मिनल आणि फॉन्ट यांवर अवलंबून असल्याने मोजलेली रुंदी आणि दिसणारी रुंदी जुळेलच असे नाही. त्यामुळे उजवी कड वाकडीतिकडी होते आणि ३५ टक्क्यांची मर्यादा मराठी ओळीला चुकीच्या मापाने लागू पडते. म्हणून मराठी मजकुरासाठी ही जुळवणी बंदच ठेवणे इष्ट.

वाचकाला मांडणीचा अधिकार देणारा ब्राउझर कितीही चांगला असला, तरी पानात रचनेच्या खुणाच नसतील तर त्याला मांडण्यासारखे काही उरत नाही. मराठी संकेतस्थळे तयार करणाऱ्यांनी शीर्षक केवळ मोठ्या अक्षरांत न लिहिता शीर्षकाच्या खुणेत लिहावे, चित्रांना मराठीत वर्णन द्यावे, मजकूर चित्रात न अडकवता युनिकोडमध्ये ठेवावा, आणि पान प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा लिंक्समध्ये उघडून वरपासून खालपर्यंत वाचून पाहावे.