थंडीचं ताट सोपं असतं

मराठी घरातला सगळ्यात सोपा स्वयंपाक थंडीत होतो, असं माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात भाज्या निबर आणि महाग असतात. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने माखलेली येते आणि सगळी भिस्त कडधान्यांवर जाते. मग वाटण, मसाला, चिंच-गूळ यांच्या जोरावर चव उभी करावी लागते. मार्गशीर्ष लागला की ते काम शेतच करून ठेवतं. तुरीच्या शेंगा भरतात, हरभऱ्याला घाटे लागतात, वांगी कोवळी असतात, लसणाची ओली पात येते, मेथीची जुडी स्वस्त होते. निफाडला पारा एक आकडी झाल्याची बातमी येईपर्यंत मंडईत जे जे हवं ते सगळं आलेलं असतं. अशा मालाला फार काही करायचं नसतं. तरीही हे पदार्थ अवघड आहेत, ते आजीलाच जमत, असं म्हणून अनेक घरांनी ते सोडून दिले, याचं मला वाईट वाटतं. त्यांत हातखंडा लागतो तो निवडण्यात आणि आच सांभाळण्यात, आणि तो एका मोसमात येतो.

सुरुवात बाजरीच्या भाकरीपासून करू, कारण पुष्कळ जण तिथेच अडतात. बाजरीची भाकरी कडू लागते ही तक्रार खरी आहे, पण दोष बाजरीचा नाही, शिळ्या पिठाचा आहे. बाजरीत साधारण ५ टक्के स्निग्धांश असतो, गहू-तांदळापेक्षा बराच जास्त. दाणा अख्खा असतो तोवर तो सुरक्षित राहतो. दळलं की दाण्यातलीच विकरं त्या स्निग्धांशाचं विघटन करू लागतात आणि पिठाला कडसर वास येतो. म्हणून दुकानातलं पाकीटबंद पीठ कधीचं आहे हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. बाजरी किलोभर आणून गिरणीत दळून घ्यावी आणि आठ-दहा दिवसांत संपवावी.

दुसरी अडचण भाकरी तुटण्याची. गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारं ग्लूटेन बाजरीत नसतं, त्यामुळे पीठ धरून ठेवायला दुसरं काही लागतं. ते काम उकळतं पाणी करतं: पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि गोळा एकसंध राहतो. परातीत दोन वाट्या पीठ आणि चिमूटभर मीठ घेऊन मधे खळगा करायचा, त्यात उकळतं पाणी ओतून उलथन्याच्या टोकाने कालवायचं आणि पाच मिनिटं झाकायचं. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच, लागेल तसा पाण्याचा हात लावत तळहाताच्या टाचेने रगडायचं. या रगडण्यात कंजूषी नको. एका भाकरीपुरताच गोळा मळावा, बाकीचं झाकून ठेवावं. थापत आली की वरून तीळ भुरभुरून हलक्या हाताने दाबायचे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. हा क्षण चुकला की भाकरीला भेगा पडतात. शेवटी थेट आचेवर धरली की ती टम्म फुगते. ज्यांना थापता येत नाही त्यांनी प्लास्टिकच्या कागदावर थापावी किंवा जाडसर लाटावी. त्यात कमीपणा काही नाही.

या भाकरीबरोबर पहिलं नाव वांग्याच्या भरिताचं. ज्यांचं कुलदैवत खंडोबा आहे अशी अनेक घरं चातुर्मासात वांगं खात नाहीत आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, बाजरीचा रोडगा, भरीत आणि पातीचा कांदा असा नैवेद्य दाखवून वांग्याला पुन्हा सुरुवात करतात. ही रीत लावणाऱ्यांना शेतीची नाडी माहीत होती. थंडीत वांगं गोडसर असतं, बी कमी असतं. जळगावकडे तर भरताची वेगळी वांगी आहेत. ती मोठी, फिक्या हिरव्या रंगाची असतात आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. खानदेशात ती कपाशी-तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, सालं काढून लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर यांची खमंग फोडणी देतात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली.

गॅसवर ही चव पूर्ण येत नाही, पण जवळपास जाता येतं. आकाराच्या मानाने हातात हलकं लागणारं वांगं घ्यावं. त्याला चार चिरा देऊन त्यांत लसणाच्या पाकळ्या खोचाव्यात. चिरा न देता भाजलं तर आतली वाफ कोंडून वांगं फुटू शकतं, आणि आत कीड असली तर तीही चिरा दिल्यावरच दिसते. तेलाचा हात लावून मध्यम आचेवर सगळीकडून काळं होईपर्यंत, देठाजवळचा भाग मऊ होईपर्यंत भाजायचं. बहुतेक जण वरून काळं दिसलं की उतरवतात आणि देठाकडे कच्चं राहतं. उतरवलं की दहा मिनिटं झाकून ठेवावं, साल आपसूक सुटते. नळाखाली धरून सोलू नये, धुराची सगळी चव मोरीत जाते. फोडणीत मिरच्या आणि लसूण ठेचून घालावेत, पात भरपूर घालावी आणि टोमॅटो अजिबात घालू नये. टोमॅटोचा आंबटपणा धुराच्या चवीवर बसतो. घरोघरी तो घालतात हे मला माहीत आहे, पण एकदा त्याच्याशिवाय करून पाहावं एवढीच विनंती.

विदर्भात थंडी म्हणजे सोले. तुरीच्या ओल्या शेंगांतले हे हिरवे दाणे डिसेंबर-जानेवारीत बाजारात येतात आणि त्यांच्या आमटीइतकं कमी कष्टाचं, पोटभरीचं कालवण मला दुसरं सुचत नाही. चार माणसांना दोन वाट्या दाणे पुरतात. कढईत दोन चमचे तेलावर दाणे परतायचे. पाच-सात मिनिटांत ते तडतडू लागतात, अंगावर तपकिरी ठिपके येतात आणि कच्चा हिरवा वास जाऊन भाजल्या शेंगदाण्यासारखा वास सुटतो. तिथे थांबायचं. मूठभर दाणे बाजूला काढून उरलेले चार-पाच हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, जिरं आणि कोथिंबिरीच्या काड्यांसकट जाडसर वाटायचे. अगदी गंध केलं तर आमटीची खीर होते. मोहरी, हिंग, हळद, बारीक कांदा अशी फोडणी करून त्यावर वाटण परतायचं, तेल सुटलं की चार वाट्या गरम पाणी, मीठ आणि बाजूला ठेवलेले दाणे घालून दहा-बारा मिनिटं मंद उकळायचं. आमटी निवताना घट्ट होते, म्हणून उतरवताना थोडी पातळच असू द्यावी. नागपूरकडे यातच लहान वांगी घालून सोले-वांग्याची भाजी करतात, तीही तितकीच सोपी. न्यू जर्सी किंवा लंडनला राहणाऱ्यांना गुजराती दुकानांत ‘तुवर लिलवा’ नावाने हेच दाणे गोठवलेले मिळतात. त्यांचं आमटीत काही बिघडत नाही, फक्त परतण्याआधी ते फडक्यावर कोरडे करून घ्यावेत.

शेंगा सोलणं हे वेळखाऊ काम आहे, आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून करायचंही तेच आहे. हरभऱ्याचे घाटे सोलताना बोटांना आंबट आंब लागते. त्या झाडाच्या पाना-शेंगांवरच्या बारीक लवेतून आम्ल पाझरतं, म्हणून शेतात उपटलेला हरभरा तसाच खाल्ला तरी जिभेवर चुरचुरतं. मुलं ती बोटं चाटतात आणि निम्मे सोलाणे पातेल्यात पडायच्या आधीच संपवतात. संपवू द्यावेत. कोवळे दाणे असे कच्चे खाऊन ज्यांना आवडले, ती मुलं पुढे भोगीच्या भाजीला नाक मुरडत नाहीत.

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस, बहुतेक वर्षी १३ जानेवारी. त्या दिवशी मोसमातलं जे जे हाताशी आहे ते एका कढईत येतं: वांगी, गाजर, पावटे, घेवडा, सोलाणे, ओले शेंगदाणे, बोरं. काही घरांत उसाचे करवेही घालतात. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं आपल्याकडे म्हणतात. या भाजीची मेख घालण्याच्या क्रमात आहे. आधी फोडणीवर पावटे, सोलाणे, शेंगदाणे परतून थोडं गरम पाणी घालून झाकण ठेवायचं. ते अर्धे शिजले की गाजर आणि घेवडा, मग वांग्याच्या फोडी आणि अगदी शेवटी बोरं. सगळं एकदम घातलं तर वांग्याचा गाळ होतो आणि पावटा दाताखाली कचकचतो. काळा मसाला एक चमचा, गुळाचा लहान खडा, दोन चमचे दाण्याचं कूट आणि तीन चमचे भाजलेल्या तिळाचं कूट. तिळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असतं, त्यामुळे कूट रसात मिसळलं की रस आपोआप दाट आणि तुकतुकीत होतो, वेगळं वाटण लागत नाही. तीळ मात्र मंद आचेवर, फुगून तडतडेपर्यंतच भाजावेत. लाल झाले की कडू लागतात.

ज्या संध्याकाळी काहीच शिजवायचा उत्साह नसेल, त्यासाठी मेथीचा घोळाणा आहे. कोवळी मेथी धुऊन कोरडी करून बारीक चिरायची. त्यात चिरलेला कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ, लिंबू आणि वरून कच्चं तेल. कालवलं की लगेच खायचं, नाहीतर पाणी सुटतं. भाकरी गरम असली तर याच्यापुढे दुसरी भाजी लागत नाही. रायगडची पोपटी घरात होत नाही आणि करूही नये. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, ओवा, मीठ, मडकं आणि शेतातला जाळ यांच्याशिवाय ती पोपटी नव्हेच. त्यासाठी अलिबाग-पेणकडे कुणाच्या वाडीवर जावं.

थंडीत भूक वाढते. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत हेमंतातला जठराग्नी प्रखर सांगितला आहे आणि स्निग्ध, पौष्टिक खावं असा सल्ला आहे. आपल्या घरांनी त्याचं उत्तर लाडवांत शोधलं. मेथीचे लाडू औषधी खरे, पण पीठ काही दिवस तुपात भिजवून ठेवल्याशिवाय त्यांचा कडूपणा उतरत नाही, तेव्हा नवख्याने डिंकाचे करावेत.

डिंक १०० ग्रॅम, खारकेची पूड २०० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं २०० ग्रॅम, बदाम ५० ग्रॅम, खसखस दोन चमचे, चिरलेला साधा गूळ २५० ग्रॅम, तूप साधारण १५० ग्रॅम, चमचाभर सुंठ, थोडं जायफळ. इथे सगळं यश डिंकाच्या तळणीवर आहे. डिंकाच्या खड्यात अडकलेला किंचित ओलावा गरम तुपात वाफ होतो, त्याच वेळी खडा मऊ पडतो आणि लाहीसारखा फुलतो. मोठे खडे आधी कुटून हरभऱ्याएवढे करावेत, तूप मध्यम तापवावं आणि एका वेळी चमचाभरच टाकावेत. तूप फार तापलेलं असेल तर खडा वरून लाल होतो आणि आत काचेसारखा कडक राहतो. असा डिंक दातांना चिकटतो आणि लाडू बदनाम होतो. फुललेला एक दाणा बोटांत दाबून पाहावा: सहज चुरा झाला तर तूप बरोबर तापलं आहे.

खोबरं, खसखस आणि खारीक पूड वेगवेगळी, मंद भाजावी. खोबरं गुलाबी झालं की ताबडतोब कढईबाहेर काढावं, कारण गरम लोखंडात ते नंतरही भाजत राहतं. उरलेल्या तुपात गूळ घालून तो नुसता विरघळून कडेने बुडबुडे येईपर्यंतच ठेवायचा. पाक होऊ द्यायचा नाही, आणि म्हणूनच चिक्कीचा गूळ इथे घ्यायचा नाही. त्याने लाडू दगड होतात. बदामाचं भरड, हाताने चुरलेला डिंक, सुंठ, जायफळ आणि भाजलेलं सगळं गुळात ढवळून गरम असतानाच वळावं. मिश्रण मोकळं पडू लागलं तर कढई पुन्हा मिनिटभर मंद आचेवर ठेवावी, वरून तूप ओतत बसू नये. हे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर सहज टिकतात.

अळिवाच्या लाडवांना तळणीही लागत नाही. ५० ग्रॅम अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवले की दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येऊन ते कितीतरी पट फुगतात. त्यात एका ओल्या नारळाचा चव आणि २०० ग्रॅम गूळ घालून मिश्रण कढईपासून सुटेपर्यंत मंद आचेवर आटवायचं, जायफळ घालून कोमट असताना वळायचं. अळिवात लोह भरपूर असतं, म्हणून बाळंतिणीला ते देण्याची रीत आहे. पण घरातल्या वाढत्या मुलांना आणि रोज लोकलने धक्के खात कामाला जाणाऱ्या बायकांनाही त्याची तितकीच गरज असते. ओल्या नारळामुळे हे फार टिकत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावेत, आणि पुढच्या रविवारी ताजे करावेत.