पायाळू, पानाडी आणि कायद्याचे शब्द

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात विहीर किंवा बोअर घ्यायची म्हटली, की आधी पानाडी बोलावण्याची पद्धत जुनी आहे. तळहातावर नारळ ठेवून किंवा बेचक्यासारखी डहाळी हातात धरून तो शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला, डहाळी वाकली, की तिथे खूण करतो. त्यात पानाडी पायाळू असेल, म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले असतील, तर विचारायलाच नको. पायाळूला जमिनीखालचे पाणी आणि पुरलेले धन दिसते, असे जुनी माणसे सांगतात. मंत्र शिकायला नको, साधना करायला नको. शक्ती जन्माबरोबरच आली, अशी ही समजूत.

मग प्रश्न पडतो, की जादूटोणाविरोधी कायद्याने हा पानाडी गुन्हेगार ठरतो का? कुणी म्हणतात, ठरतो. कुणी म्हणतात, या कायद्याने श्रद्धेवरच बंदी आणली. दोन्ही समजुती कायदा न वाचता झालेल्या आहेत.

या कायद्याचे आणि आपल्या दोन जिल्ह्यांचे नाते जवळचे आहे. त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

कायद्याची रचना साधी आहे. त्याला एक अनुसूची जोडली आहे आणि तीत १२ बाबी आहेत. गुन्हा कशाला म्हणायचे, ते या १२ बाबींवरून ठरते. ‘अंधश्रद्धा’ या शब्दाचा मोघम अर्थ लावून कुणालाही पकडता येत नाही.

या बाबींपैकी एक थेट अंगच्या शक्तीविषयी आहे. तिचा आशय असा : आपल्या अंगात अतींद्रिय शक्ती संचारली आहे किंवा आपल्याकडे ती आहे असे भासवायचे, आणि त्यायोगे दुसऱ्याच्या मनात भीती निर्माण करायची, किंवा आपले ऐकले नाही तर वाईट होईल अशी धमकी द्यायची. यातला ‘त्यायोगे’ हा शब्द महत्त्वाचा. नुसते ‘मी पायाळू आहे, मला पाणी दिसते’ म्हटल्याने ही बाब पुरी होत नाही. त्या दाव्याला भीतीची किंवा धमकीची जोड लागते.

शहरांतली काही मुले टेबलाभोवती बसून भूमिका घेण्याचे खेळ खेळतात. १९७४ साली अमेरिकेत निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यांतला प्रसिद्ध खेळ. त्यात काही पात्रांना जन्मजात जादू असते. तिच्याविषयीच्या नियमाचे शब्द संदिग्ध निघाले, तर खेळ चालवणारा निवाडा देतो. पण तिथे जादू खरी धरूनच नियम लिहिलेला असतो. कायद्याचे तसे नाही. चमत्कारांना तो ‘तथाकथित’ म्हणतो, पण कुणाच्या अंगात शक्ती आहे की नाही याची परीक्षा घेत बसत नाही. त्या दाव्याच्या आधारे माणसाने दुसऱ्याचे काय केले, एवढेच तो विचारतो.

आता पानाड्याकडे येऊ. कायद्याचे एक कलम काय काय वगळले आहे, ते सांगते. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, उपवास, नवस यांना कायदा लागू नाही. ज्योतिषाचा आणि वास्तुशास्त्राचा सल्लाही वगळला आहे, आणि भूगर्भातील पाण्याविषयी पानाड्याने दिलेला सल्लाही. मात्र अनुसूचीत पाणी पुन्हा येते. मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा जलस्रोत यांच्या शोधासाठी अमानुष कृत्य करणे, करणी-भानामतीच्या नावाने असे प्रकार करणे, नरबळी देणे किंवा त्याचा सल्ला देणे हा गुन्हा आहे.

म्हणजे पाणी सवलतीतही आहे आणि गुन्ह्यातही. इथे वाचणारा गोंधळतो. पण दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली, की अर्थ उलगडतो. ‘इथे खोदा’ म्हणणे हा सल्ला झाला. बोअर कोरडे गेले, पैसे बुडाले, तरी तेवढ्याने या कायद्याचा गुन्हा होत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला आधी विचारले असते तर बरे झाले असते, इतकेच. पण ‘पाणी रक्त मागते’ म्हणत कुणी माणसाच्या जिवावर उठला, किंवा ‘विधी केला नाहीत तर घरातला कर्ता जाईल’ म्हणून धमकावू लागला, तर पानाडीपणाची सवलत त्याच्या कामी येत नाही.

सर्पदंशाचेही असेच. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. इथे कायद्याचे लक्ष मंत्रापेक्षा त्या रोखण्यावर आहे. आणखी एक बाब मतिमंद व्यक्तीविषयी आहे. तिच्यात अलौकिक शक्ती आहे असे भासवून तिचा धंद्यासाठी वापर केला, तर तो गुन्हा. शक्तीचा दावा तिने स्वतः केलेलाच नसतो. गर्दी जमवणारे वेगळे असतात.

या शब्दांवर किती काही अवलंबून असते, ते जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळने दाखवले. एकाच कुटुंबातल्या ९ जणांचे मृतदेह सापडले. आधी ती सामूहिक आत्महत्या वाटली. पुढे हा खून असल्याचे सांगून पोलिसांनी गुप्तधनाच्या आमिषाकडे बोट दाखवले आणि सोलापूरच्या दोघांना अटक केली. कुटुंब सुशिक्षित होते. शिक्षण असले की माणूस फसत नाही, असे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

या कायद्यातला गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत, दंड ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत. दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. तेव्हा अंगच्या शक्तीची गोष्ट कानावर आली, तर ती खरी की खोटी यावर पारावर वाद रंगू द्यावा. पण त्या शक्तीच्या नावाने कुणाला घाबरवले जात असेल, दवाखान्यापासून अडवले जात असेल, कुणाचे शरीर वा जीव मागितला जात असेल, तर वाद तिथेच थांबवून पोलीस ठाणे गाठावे.